हिवतापाच्या परजीवीचं जनुकनियमन रोखणारा रेणू कसा शोधावा

मलेरियावरच्या नव्या औषधांच्या कामात पहिल्यांदाच उतरणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी हे लिहिते आहे. मी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींमध्ये वाढवते, त्याचा आरएनए काढते आणि रसायनतज्ज्ञांनी पाठवलेले रेणू त्याच्यावर तपासते. या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की कळते. परजीवी मेला एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. मात्रा वाढवत नेली तर शेकडो रेणू त्याला मारतात. तो जनुकांचं नियंत्रण बिघडल्यामुळे मेला हे दाखवणं कठीण, आणि ते दाखवता येतं फक्त तासांचा हिशेब काटेकोर ठेवला तर. पुढचं जवळजवळ सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 साली जगात 26 कोटी 30 लाख लोकांना मलेरिया झाला आणि 5 लाख 97 हजार माणसं दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. क्लोरोक्विन रक्तातल्या हीमच्या विल्हेवाटीवर घाव घालतं, पायरिमेथामिन फोलेटच्या वाटेवर, अ‍ॅटोव्हाक्वोन मायटोकॉन्ड्रियावर. या तिन्ही ठिकाणी परजीवीनं पळवाट काढली आहे. आर्टेमिसिनिनला दाद न देणारे, केल्च13 जनुकात बदल झालेले परजीवी आधी आग्नेय आशियात आणि मग पूर्व आफ्रिकेतही सापडले. जनुकं कधी चालू करायची आणि कधी बंद, हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर मात्र आजवर वापरात असलेल्या एकाही मलेरियाविरोधी औषधाचा नेम धरलेला नाही. म्हणून ही वाट मला मोलाची वाटते.

आधी यंत्रणा नीट समजून घ्या

फाल्सिपेरमचा जीनोम 2002 साली वाचून झाला. 14 गुणसूत्रं, डीएनएची सुमारे 2 कोटी 30 लाख अक्षरं, 5,300 च्या आसपास जनुकं. त्या अक्षरांपैकी 80 टक्क्यांहून जास्त ए आणि टी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक प्रयोगात तो आडवा येणार आहे.

तांबड्या पेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत परजीवीला साधारण 48 तास लागतात. आधी रिंग, मग ट्रोफोझोइट, मग शायझॉन्ट, आणि शेवटी 16 ते 32 नवे मेरोझोइट, म्हणजे पुढच्या पेशींत घुसणारे परजीवी. 2003 मध्ये या चक्रातले दर तासाचे नमुने घेऊन आरएनए मोजला गेला, तेव्हा एक विलक्षण चित्र दिसलं. बहुतेक जनुकं चक्रात एकदाच, ज्या सुमारास त्यांची गरज असते त्याच्या थोडं आधी चालू होतात. पेशीत घुसायला लागणारी जनुकं चाळिसाव्या तासाच्या आसपास जागी होतात, त्याआधी त्यांची चाहूलही नसते. इतकं शिस्तीचं वेळापत्रक, पण ते चालवणारी नियामक प्रथिनं जीनोममध्ये जवळपास दिसेचनात. 2005 साली एल. अरविंद यांच्या गटानं वनस्पतींतल्या एपी2 भागाशी साम्य असलेल्या प्रथिनांचं कुटुंब या परजीवीत शोधलं, आणि कोडं सुटायला सुरुवात झाली. फाल्सिपेरममध्ये या कुटुंबातली तीसच्या आत-बाहेर प्रथिनं आहेत. डीएनएला धरणारा त्यांचा भाग जेमतेम 60 अमिनो आम्लांचा असतो. माणसात अशी प्रथिनं नाहीत. औषध शोधणाऱ्याला या एका वाक्यानं हुरूप यावा.

या प्रथिनांच्या जोडीला क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याला बांधून ठेवणारी प्रथिनं, आहे. डीएनए ज्या हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा करणारी, त्या पुसणारी आणि त्या वाचणारी प्रथिनं आहेत. त्यानंतर आरएनए तयार झाल्यावर त्याची कापाकापी आणि जोडणी करणारी फळी येते. म्हणजे लक्ष्य निवडायला तीन मजले आहेत. डीएनएवर बसणारी प्रथिनं, क्रोमॅटिनची विकरं (एन्झाइम) आणि आरएनएवर संस्कार करणारी विकरं.

कोणत्या मजल्यावर काम करायचं

नव्या विद्यार्थ्याला एपी2 प्रथिनं सगळ्यात आकर्षक वाटतात, आणि तसं वाटणं रास्तच आहे. पण डीएनएला धरणाऱ्या प्रथिनाचा पृष्ठभाग सपाट आणि विद्युतभारित असतो. लहान रेणूला घट्ट रुतून बसायला खाच लागते, ती तिथे सहसा नसते. विकरांना मात्र मुळातच खाच असते, कारण त्यांना आपला कच्चा माल धरायचा असतो. हातात दोन-तीन वर्षंच असतील तर विकर निवडा, असं मी सांगते. काळ जास्त असेल, रचनाशास्त्र जाणणारा सहकारी शेजारी असेल, तर एपी2 जरूर घ्या.

तिन्ही मजल्यांवरची उदाहरणं अभ्यासून ठेवा. 1996 साली बुरशीपासून मिळालेला अ‍ॅपिसिडिन हा रेणू परजीवीच्या, हिस्टोनांवरच्या खुणा पुसणाऱ्या हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेजला रोखतो असं दिसलं. त्यानं उंदरांमधला मलेरियाही आटोक्यात आणला. 2010 मध्ये अशा रेणूंनी परजीवीचं जनुकांचं वेळापत्रक कसं विस्कटतं हेही मोजलं गेलं. अडचण एकच, माणसाच्या पेशींतलं हेच विकर रचनेनं फार जवळचं आहे आणि अ‍ॅपिसिडिन तेही सोडत नाही. त्यामुळे क्रोमॅटिनच्या मजल्यावर परजीवीला मारणारे रेणू भरपूर आहेत, निवडक रेणू थोडे.

आरएनएच्या मजल्यावरची दोन उदाहरणं मला फार आवडतात. पहिलं बोरॉन असलेल्या एएन3661 या रेणूचं. तो परजीवीच्या सीपीएसएफ3 या विकराला रोखतो. हे विकर तयार होत असलेल्या आरएनएचं टोक कापून त्याला शेपूट जोडण्याची तयारी करतं. 2017 साली हे लक्ष्य पक्कं झालं. दुसरं सीएलके3 या कायनेजचं, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराचं. आरएनएची जोडणी करणाऱ्या प्रथिनांना हे कायनेज कामाला लावतं. सुमारे 25 हजार रेणू तपासून त्यातून टीसीएमडीसी-135051 निवडला गेला आणि 2019 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. शेकडो अत्यावश्यक जनुकांचे आरएनए त्यानं खाली आले. शिवाय तो रक्तातल्या, यकृतातल्या आणि डासाकडे जाणाऱ्या अवस्थांवरही चालला. हे दोन्ही शोधनिबंध ओळीओळीनं वाचा. लक्ष्य कसं सिद्ध करतात, याचा वस्तुपाठ त्यात आहे.

एपी2 च्या मजल्यावर 2022 साली एक धाडसी प्रयत्न झाला. एपी2-एक्सपी या प्रथिनाच्या डीएनए धरणाऱ्या भागाची स्फटिकरचना आधीपासून उपलब्ध होती. तिच्यावर संगणकात हजारो रेणू बसवून पाहिले आणि डीएनएशी स्पर्धा करणारे काही रेणू निवडले. ते परजीवीला मारतात, पण मायक्रोमोलर मात्रेत. औषध म्हणायला ही मात्रा जास्त आहे, सुरुवात म्हणायला उत्तम. सपाट पृष्ठभागावरही काही तरी बसू शकतं हे त्यानं दाखवलं.

लक्ष्य ठरवलं की ते खरंच अत्यावश्यक आहे का ते बघा. 2018 मध्ये पिगीबॅक या उड्या मारणाऱ्या डीएनएच्या साहाय्यानं फाल्सिपेरमच्या जवळजवळ प्रत्येक जनुकात अडथळा घालून पाहिला गेला. रक्तातल्या वाढीसाठी 2,600 हून अधिक जनुकं लागतात असं त्यातून निघालं. प्लाझ्मोडीबी या विदागारात आपल्या जनुकाचं पान उघडलं की ही नोंद मिळते. मात्र तेवढ्यावर थांबू नका, स्वतः जनुक खाली आणून बघा. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इतर जीवांत सर्रास वापरला जाणारा आरएनए हस्तक्षेप इथे चालत नाही, कारण ती यंत्रणाच या परजीवीकडे नाही. म्हणून जनुकाच्या टोकाला ग्लमएस रायबोझाइम, म्हणजे ग्लुकोसामिन मिळालं की स्वतःला कापणारा आरएनए, जोडून ग्लुकोसामिन देतात, किंवा प्रथिनाला असा भाग जोडतात की शील्ड-1 हा रेणू काढून घेतला की प्रथिन टिकत नाही, किंवा डायक्रे हे डीएनए कापणारं विकर वापरून रॅपामायसिननं जनुकाचा तुकडाच कापून टाकतात. डायक्रे मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. ग्लुकोसामिन जास्त झालं तर साधा परजीवीही कुरकुरतो, म्हणून रायबोझाइमची बिघडलेली आवृत्ती असलेला वाण शेजारी ठेवल्याशिवाय तो प्रयोग मांडूच नका.

हा बदललेला वाण जपून गोठवून ठेवा. पुढे रेणूचा परिणाम आणि जनुक खाली आणल्याचा परिणाम शेजारी शेजारी ठेवायचे आहेत.

प्रथिन आणि पहिली चाळणी

परजीवीचं जनुक जसंच्या तसं जिवाणूत टाकून प्रथिन बनवायला गेलात तर ए-टी ची रेलचेल आणि मधले लांबलचक, घडी न पडणारे भाग त्रास देतात. जनुक जिवाणूच्या सवयीला साजेशा अक्षरांत नव्यानं बनवून घ्या आणि शक्य तेवढा छोटा, काम करणारा भागच निवडा. एपी2 असेल तर फक्त डीएनए धरणारा भाग पुरतो.

डीएनएशी बंध मोजायला फ्लुओरेसन्स पोलरायझेशन सोयीचं. खूण लावलेला छोटा डीएनए प्रथिनाला चिकटला की तो सावकाश गिरक्या घेतो, रेणूनं त्याला सोडवलं की पुन्हा भरभर. कोणता डीएनए घ्यायचा हेही आधीच्या कामातून ठरतं. एपी2-एक्सपीला टीजीसीएटीजीसीए हा क्रम आवडतो, एपी2-आयला जीटीजीसीएसी. या चाचणीत दोन प्रकारचे रेणू फसवतात. एक, जे प्रथिनाऐवजी डीएनएतच घुसून बसतात. दुसरे, जे पाण्यात गोळा होऊन कुठल्याही प्रथिनाला लपेटतात. पहिल्यांसाठी वेगळ्याच कुळातलं डीएनए धरणारं प्रथिन घेऊन तीच चाचणी करा. तिथेही बंध सुटला तर रेणू बाजूला ठेवा. दुसऱ्यांसाठी 0.01 टक्के ट्रायटन एक्स-100 घालून पुन्हा मोजा. परिणाम नाहीसा झाला तर त्या रेणूचा नाद सोडा, तो कितीही देखणा असला तरी.

सुरुवातीला रेणू कुठून आणायचे हा प्रश्न सगळे विचारतात. ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं 2010 मध्ये परजीवीला मारणाऱ्या 13,533 रेणूंची माहिती खुली केली. मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर या संस्थेनं 400 रेणूंचा मलेरिया बॉक्स संशोधकांना दिला होता. अशा संचांचा फायदा हा की रेणू परजीवीच्या पेशीत शिरतो हे आधीच माहीत असतं. तुमचं काम, त्यातला कोणता तुमच्या लक्ष्यावर बसतो हे शोधणं.

कल्चर आणि मात्रा

1976 साली ट्रॅगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सतत वाढवण्याची रीत दिली. आजही आपण तिच्याच जवळपास आहोत. आरपीएमआय 1640 माध्यम, माणसाच्या धुतलेल्या तांबड्या पेशी, 37 अंश, आणि ऑक्सिजन कमी असलेली हवा. कल्चर संसर्गजन्य असतं. सुई किंवा काच लागून त्याचा संसर्ग होऊ शकतो, हे हातमोजे घालताना रोज आठवा.

निम्मे परजीवी मारणारी मात्रा मोजण्याची नेहमीची चाचणी 72 तासांची. शेवटी सायबर ग्रीन हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग टाकून डीएनए मोजायचा. तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे जो डीएनए दिसतो तो परजीवीचा. ही चाचणी जरूर करा, पण नियमनावर काम करणाऱ्या रेणूसाठी तिच्यावर विसंबू नका. शायझॉन्टमध्ये घुसखोरीची जनुकं चालू झालीच नाहीत, तरी तोवर परजीवीनं आपला डीएनए अनेक पटींनी वाढवलेला असतो. यंत्र म्हणेल सगळं छान आहे, आणि पुढच्या चक्रात एकही नवी रिंग नसेल. म्हणून गीमसानं रंगवलेल्या स्लाइड डोळ्यांनी बघा, दर काही तासांनी. परजीवी कोणत्या अवस्थेत अडला, त्याचा आकार कसा आहे, केंद्रकं किती झाली, हे वहीत लिहा आणि फोटो काढून ठेवा. स्लाइड बघायचा कंटाळा करणाऱ्याला या विषयात पुढे जाता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मेला खरा, पण कशामुळे?

इथे थोडं थांबून वाचा. रेणू दिला, आरएनए काढला, शेकडो जनुकं खाली गेलेली दिसली, आणि निष्कर्ष लिहिला की रेणू जनुकनियमनावर काम करतो. असे निष्कर्ष मी तपासणीसाठी आलेल्या हस्तलिखितांत वारंवार पाहते. बस वाटेत बंद पडली आणि पुढचे थांबे आले नाहीत, तर कुणी थांबे हटवले असं म्हणत नाही. परजीवीचंही तसंच. कुठल्याही विषानं तो तिसाव्या तासाला थबकला, तर छत्तिसाव्या तासाची जनुकं चालू होणारच नाहीत. ती खाली दिसतील, पण त्यात नियमनाला धक्का लागल्याचा काही पुरावा नाही.

यावर उपाय म्हणजे आधी कल्चर एकवेळेला आणणं. 5 टक्के सॉर्बिटॉल दिलं की मोठे परजीवी फुटतात आणि रिंग उरतात. पण त्यातून मिळणारं वयाचं अंतर बरंच मोठं असतं, नियमनाच्या प्रयोगाला ते पुरत नाही. त्याहून काटेकोर रीत अशी. हिमोग्लोबिन पचवल्यावर परजीवीत साठणारं हिमोझोइन हे लोहयुक्त असल्यानं जुने परजीवी चुंबकी स्तंभावर अडकतात; ते वेगळे काढा. मग पीकेजी या कायनेजला रोखणारा एमएल10 द्या. शायझॉन्ट पूर्ण पिकतात, पण पेशी फोडून बाहेर पडत नाहीत. सगळे त्या उंबरठ्यावर आले की एमएल10 धुऊन टाका. परजीवी जवळजवळ एकदम बाहेर पडतात आणि ताज्या पेशींत शिरतात. काही तासांच्या अंतरातली पिढी हाती येते. इथून घड्याळ सुरू.

आता रेणू पूर्ण चक्रभर देऊ नका. आपलं लक्ष्य ज्या तासांत काम करतं त्याच्या जरा आधी द्या आणि एक, दोन, चार तासांनी नमुने घ्या. आधी बिघडणारी जनुकं लक्ष्याच्या जवळची, उशिरा बिघडणारी बहुधा परिणामांचे परिणाम. रेणू न दिलेल्या कल्चरचे दर तासाचे नमुने असलेच पाहिजेत, म्हणजे रेणू दिलेल्या परजीवीचं वय आरएनएवरून ठरवता येतं. तुलना करायची ती घड्याळातल्या तासाशी करून भागत नाही, परजीवीच्या वयाशी करावी लागते. रेणू दिलेला चौतिसाव्या तासाचा परजीवी आरएनएवरून तिसाव्या तासाचा वाटत असेल, तर त्याला तिसाव्या तासाच्या निरोगी परजीवीशेजारी ठेवा. तरीही जी जनुकं वेगळी दिसतील तीच तुमची.

याशिवाय दुसऱ्या वाटेनं त्याच अवस्थेत अडवणारं एखादं औषध सोबत चालवा. उदाहरणार्थ पायरिमेथामिन. ते डीएनए बनण्याच्या वेळी परजीवीला थांबवतं. 2008 साली फोलेटच्या वाटेवर घाव घालणाऱ्या औषधाला परजीवी जनुकांच्या पातळीवर काय उत्तर देतो हे तपासलं गेलं, आणि त्यानं जवळजवळ काहीच उत्तर दिलं नाही. त्याची जनुकं ठरलेल्या वेळापत्रकानं चालत राहिली. हा निष्कर्ष आपल्या फार कामाचा आहे. परजीवी घाबरून जनुकं इकडेतिकडे करत नाही, त्यामुळे ज्या रेणूनं वेळापत्रकच उलटंपालटं होतं, चुकीच्या वेळी चुकीची जनुकं वर येतात, तिथे नियमनावरचा घाव असण्याची शक्यता खूप वाढते. खाली गेलेल्या जनुकांपेक्षा वर आलेल्या जनुकांकडे मी आधी बघते ते याचसाठी.

मोजणीतला एक सापळाही ओळखून ठेवा. रेणूनं सगळाच आरएनए निम्म्यावर आला, तर नेहमीच्या गणितात तो फरक पुसला जातो, कारण प्रत्येक नमुना एकूण आरएनएच्या प्रमाणात मांडला जातो. म्हणून आरएनए काढतानाच परजीवींच्या संख्येप्रमाणे ठरावीक मात्रेत बाहेरचा आरएनए मिसळा. मग खरी घट दिसते.

आरएनए कमी झाला तो कमी बनल्यामुळे की लवकर नष्ट झाल्यामुळे, हा पुढचा प्रश्न. परजीवी तयार पिरिमिडीन (आरएनएच्या यू आणि सी या अक्षरांचा कच्चा माल) बाहेरून उचलून वापरू शकत नाही, स्वतःच बनवतो. म्हणून साध्या वाणाला 4-थायोयुरासिल हे ओळखता येणारं पिरिमिडीन दिलं तर ते आरएनएत जात नाही. यीस्टमधलं एक संयुक्त विकर घातलेला वाण मात्र ते वापरतो, आणि नव्यानं बनलेला आरएनए वेगळा काढता येतो. आरएनएच्या मजल्यावर काम करणाऱ्यांनी हा प्रयोग टाळू नये. सीएलके3 सारख्या लक्ष्यासाठी तर न कापलेले इन्ट्रॉन (आरएनएतून काढून टाकायचे मधले तुकडे) मोजणं हेच पहिलं काम.

डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनासाठी शेवटचा शब्द चिप-सीक्वेन्सिंगचा, म्हणजे प्रथिन जीनोममध्ये कुठे कुठे बसलं आहे ते वाचण्याच्या तंत्राचा. प्रथिनाला खूण जोडा, रेणू दिल्यावर ते आपल्या जागांवरून उठलं का ते बघा. प्रथिनाचं एकूण प्रमाण तेवढंच राहून जागा मोकळ्या झाल्या तरच रेणूनं बंध सोडवला म्हणता येईल. इथे ए-टी चा आकडा पुन्हा आडवा येतो. साध्या एन्झाइमनं डीएनए वाढवला तर ए-टी ने भरलेले तुकडे गळतात, आणि जनुकांच्या पुढचे नियामक भाग नेमके तसेच असतात. त्यासाठी कापा हायफाय सारखं एन्झाइम वापरा आणि वाढवण्याची आवर्तनं कमीत कमी ठेवा.

आता गोठवून ठेवलेला वाण बाहेर काढा. जनुक खाली आणल्यावर जी जनुकं बिघडतात आणि रेणूनं जी बिघडतात, त्या दोन याद्या जुळायला हव्यात. शंभर टक्के जुळत नाहीत. पण लक्ष्य अर्धवट खाली आणलेल्या वाणाला रेणूची कमी मात्रा पुरते का, हे जरूर पाहा. पुरत असेल तर तो मोठा दुजोरा आहे.

प्रतिकार मुद्दाम घडवा

सगळ्यात खणखणीत पुरावा परजीवी स्वतः देतो. डीडी2 सारखा वाण घ्या, एका परजीवीपासून वाढवलेला. कोट्यवधी परजीवींवर रेणूचा दाब ठेवा आणि जे तगतील त्यांचा पूर्ण जीनोम वाचा. एकमेकांपासून स्वतंत्र वाढवलेल्या कुप्यांमध्ये एकाच जनुकात बदल सापडला, तर बोट तिकडे जातं. मग क्रिस्पर हे जनुकात हवा तो बदल करण्याचं तंत्र वापरून तो बदल कधीही रेणू न पाहिलेल्या परजीवीत घाला. तोही रेणूला दाद देईनासा झाला, की लक्ष्य सिद्ध. एएन3661 च्या बाबतीत नेमकं हेच केलं गेलं. सीएलके3 च्या बाबतीत 449 व्या जागी ग्लायसिनऐवजी प्रोलिन घातल्यावर रेणूचा जोर ओसरला.

क्रिस्परसाठी दुरुस्तीचा नमुना डीएनए द्यावाच लागतो. कापलेली टोकं नुसती एकमेकांना चिकटवून टाकण्याची नेहमीची यंत्रणाही या परजीवीत नाही. नमुना नसेल तर बहुतेक परजीवी मरतात.

प्रतिकार किती सहज येतो हेही इथेच कळतं. थोड्याशाच परजीवींतून तो उगवत असेल, तर ती बातमी रसायनतज्ज्ञाला लगेच द्या. असे प्रतिकारक वाण वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, नोंद ठेवून सांभाळायचे आणि काम संपल्यावर नष्ट करायचे.

गॅमेटोसाइट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

क्रोमॅटिनवर काम करणाऱ्यांना हे मी पहिल्याच भेटीत सांगते. परजीवी लैंगिक अवस्थेकडे, म्हणजे डासाकडे जाणाऱ्या गॅमेटोसाइटकडे, वळतो तो एपी2-जी या प्रथिनामुळे. 2014 साली दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. एरवी त्याचं जनुक क्रोमॅटिन मिटवणाऱ्या एचपी1 या प्रथिनानं घट्ट बंद ठेवलेलं असतं. त्याच वर्षी एचपी1 काढून घेतल्यावर काय होतं तेही दिसलं. निम्म्याहून अधिक परजीवी गॅमेटोसाइट होण्याच्या वाटेला लागले. आता विचार करा. तुमच्या रेणूनं हे कुलूप सैल केलं, तर रुग्णाचा ताप उतरेल, पण डासाला देण्याजोगे परजीवी रक्तात वाढतील. एका माणसाला बरं करून गावाला आजार वाटणारं औषध आपल्याला नको आहे.

तीच गोष्ट व्हार जनुकांची, तांबड्या पेशीला रक्तवाहिनीशी चिकटवणारी प्रथिनं बनवणाऱ्या. जवळपास 60 असतात, आणि एका परजीवीत एका वेळी त्यांतलं एकच चालू राहतं. बाकीची क्रोमॅटिननं मिटलेली. ती उघडली तर तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांना कशा चिकटतील हे बदलू शकतं. म्हणून निम्म्या परजीवींना मारणाऱ्या मात्रेच्या खाली, जिथे बरेचसे जगतात, तिथे एपी2-जी आणि व्हार यांचे आरएनए मोजा, आणि पुढच्या चक्रात गॅमेटोसाइटांचं प्रमाण किती झालं ते स्लाइडवर बघा. फाल्सिपेरमचे गॅमेटोसाइट पिकायला दहा ते बारा दिवस घेतात, तेवढी सबुरी ठेवावीच लागते. पिकलेल्या गॅमेटोसाइटांवर रेणू चालतो का हेही याच खेपेला पाहून घ्या. चालत असेल तर त्याचं मोल दुप्पट होतं.

माणसाच्या पेशी

यकृताच्या हेपजी2 पेशींवर निम्म्या पेशी मारणारी मात्रा काढा आणि परजीवीच्या मात्रेनं भागा. उत्तर 10 च्या आत आलं तर त्या रूपात रेणू पुढे नेण्यात अर्थ नाही. 100 च्या वर असेल तर मी निश्चिंत होते. पण नियमनाच्या रेणूंना हा एक आकडा पुरत नाही. न मरताही माणसाच्या पेशीची जनुकं विस्कटू शकतात. हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज रोखणारे काही रेणू कर्करोगावर दिले जातात, तिथे थोडा त्रास चालवून घेतला जातो. मलेरियाचं औषध तापानं फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलाला आणि गरोदर बाईला द्यायचं असतं. तिथे सूट नाही. म्हणून माणसाच्या पेशींमध्ये, परजीवीला मारणाऱ्या मात्रेच्या दहापट मात्रेवर हिस्टोनांच्या खुणा बदलतात का ते मोजा, आणि शक्य असेल तर आरएनएही काढा. लक्ष्याच्या कुळातली माणसाची विकरं शुद्ध स्वरूपात घेऊन त्यांच्यावरही रेणू चालवा.

इथवर टिकलेला रेणू रसायनतज्ज्ञाकडे परत पाठवताना सोबत फक्त मात्रेचा आकडा देऊ नका. परजीवी कोणत्या तासाला अडतो, पहिल्या दोन तासांत कोणती जनुकं हलतात, प्रतिकारक परजीवीत लक्ष्याची कोणती जागा बदलली आणि ती खाचेच्या कोणत्या बाजूला आहे, गॅमेटोसाइट वाढतात की घटतात, हे एका पानावर लिहून द्या. नवं रूप बनून आलं की तेच प्रयोग, त्याच तासांना, त्याच वाणावर पुन्हा लावा.